सहा सप्टेंबरची रात्र, आणि ‘दंगल’ हा शब्द

पायपीट

इस्तंबूलला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाच्या फोनमध्ये इस्तिकलाल रस्त्यावरच्या लाल ट्रामचा एक फोटो असतोच. माझ्याही आहे. त्या रस्त्याच्या वरच्या टोकाला तक्सीम चौक. चौकाच्या कडेला मटणाचे उभे गोळे फिरवणाऱ्या खाण्याच्या दुकानांची रांग आहे आणि तिच्या पाठीमागे आया त्रियादा नावाचं भलंथोरलं ग्रीक चर्च. दुकानांच्या मधून वाट काढत रविवारी सकाळी आत शिरलो. वर घुमट, झुंबरं, सोनेरी चौकटींतले संत. प्रार्थना चालू होती आणि आत अकरा माणसं होती. त्यातले दोघे आम्ही नवरा-बायको.

मेणबत्त्या विकणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना मोडक्या इंग्रजीत विचारलं, बाकीचे लोक कुठे? त्यांनी मेणबत्ती हातात दिली, सुटे पैसे परत केले आणि म्हणाल्या, ‘अथेन्स.’

परत आल्यावर वाचत सुटलो. थोडक्यात सांगतो, जमेल तितकं.

१९५५ साल. सायप्रस तेव्हा ब्रिटिशांकडे. तिथल्या ग्रीकांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं आणि एप्रिलपासून त्यांच्या सशस्त्र संघटनेने बॉम्ब फोडायला सुरुवात केली होती. ऑगस्टअखेरीस लंडनमध्ये ब्रिटन, ग्रीस, तुर्कस्तान अशी त्रिपक्षीय परिषद बसली. इकडे इस्तंबूलमध्ये ‘सायप्रस तुर्की आहे’ हेच नाव घेतलेली एक संघटना सभा भरवत होती. ५ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर ग्रीसमधल्या सलोनिका शहरात तुर्की वकिलातीच्या बागेत स्फोट झाला. बागेला लागूनच आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याचा जन्म झाला ते घर. नुकसान काय, तर खिडक्यांच्या काचा फुटल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ‘इस्तंबूल एक्सप्रेस’ या सायंदैनिकाने मथळा दिला की आपल्या पित्याच्या घरावर बॉम्ब पडला. एरवी वीसेक हजार प्रती काढणाऱ्या या पेपरने त्या दिवशी जवळपास तीन लाख छापल्या. एवढा कागद कुठून आला, हा प्रश्न मला कुठल्याही मोठ्या राजकीय विश्लेषणापेक्षा जास्त छळतो. पाच वाजता तक्सीमला सभा आणि सहाच्या सुमारास पहिली काच फुटली.

मग रात्रभर चाललं. बाहेरून ट्रकांनी आणि बोटींनी आणलेली माणसं होती. पहारी, कुदळी, फावडी होती. वीस-तीस जणांच्या टोळ्या होत्या आणि त्यांना बिगरमुस्लिमांचे, मुख्यतः ग्रीकांचे, पत्ते माहीत होते. तुर्की न्यायालयात पुढे आलेले आकडे असे: ४,२१४ घरं, १,००४ दुकानं-व्यवसाय, ७३ चर्च, २६ शाळा, २ मठ, १ सिनेगॉग. शिशली आणि बालिक्लीच्या दफनभूमीत थडगी फोडली, हाडं बाहेर काढली. बालिक्लीच्या मठात नव्वदीचा एक साधू मारला गेला. बायकांवर अत्याचार झाले, त्यातले कित्येक कधी नोंदलेच गेले नाहीत. मृतांचा आकडा कोणी ११ देतं, कोणी ३७.

पोलीस उभे राहून बघत होते. मध्यरात्रीच्या सुमारास लष्करी कायदा लागू झाला, रणगाडे आले आणि सगळं थांबलं. थांबवायचं म्हटल्यावर लगेच थांबलं, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

धागा काढायचं खरं कारण मात्र भाषेचं आहे. हे सगळं घरच्यांना सांगताना मी सारखं ‘दंगल’ म्हणत होतो. मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, ‘पण बाबा, दुसऱ्या बाजूने काय केलं?’ मी गप्प झालो, कारण दुसरी बाजू माळ्यावर लपली होती. मग ‘दंगल’ म्हणायचं तर कसं?

---

उसळपाव

वाचनखूण साठवली. इस्तिकलालवर मीही तासभर आइस्क्रीमवाल्याचे चाळे बघत उभा होतो. आमच्या टूरच्या गाइडने ‘ये बहुत पुराना मार्केट है’ एवढंच सांगितलं.

---

खडूस आजोबा

लेख ठीक. पण एक मूळ गोष्ट सुटली. १९२३ ला ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली ना? बारा-तेरा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसला, चारेक लाख मुसलमान तुर्कस्तानात. मग हे लोक इस्तंबूलमध्ये शिल्लक राहिले कसे?

---

पायपीट

आजोबा, बरोबर पकडलंत. अदलाबदलीतून दोन गट वगळले होते. इकडे इस्तंबूलचे ग्रीक आणि इम्रोस, तेनेदोस या दोन बेटांवरचे. तिकडे ग्रीसच्या पश्चिम थ्रेसमधले मुसलमान. कागदावर ही दोघांना दिलेली सवलत होती. प्रत्यक्षात दोन्ही सरकारांच्या खिशात एकेक ओलीस आला. तिकडे काही झालं की इकडच्यांना चिमटा.

या लोकांना तुर्कीत ‘रूम’ म्हणतात, म्हणजे रोमन. बायझंटाइन काळापासूनचं नाव. ते स्वतः शहराला नुसतं ‘पोली’ म्हणजे ‘शहर’ म्हणतात, आपल्याकडे दक्षिण मुंबईतली जुनी माणसं ‘फोर्टात जातो’ म्हणतात तसं. दुसरं शहर असू शकतं हेच मान्य नाही.

---

कट्टर शंकेखोर

नेहमीप्रमाणे एकच बाजू. १९१९ मध्ये ग्रीक सैन्य इझमीरला उतरलं आणि आत अनातोलियापर्यंत घुसलं, तेव्हा त्यांनी गावं जाळली ती कुठे गेली? सायप्रसमध्ये कोण बॉम्ब फोडत होतं? आणि पश्चिम थ्रेसच्या तुर्कांचं काय? ग्रीसने नागरिकत्वाच्या कायद्यात एक १९ वं कलम घातलं होतं. ग्रीक वंशाचा नसलेला माणूस परत न येण्याच्या इराद्याने देश सोडून गेला असं सरकारला वाटलं की नागरिकत्व रद्द. १९९८ पर्यंत ते कलम चालू होतं आणि सुमारे ६०,००० लोकांना त्याचा फटका बसला. बहुतेक सगळे मुसलमान. कोणी सुट्टीला जर्मनीत गेलं आणि परत येताना सीमेवर कळलं की आपला देशच नाही.

---

पायपीट

शंकेखोर, यातलं एकही वाक्य मी खोडणार नाही. १९ वं कलम कोणत्या साली आलं माहीत आहे ना? १९५५. तेच साल. ओलिसांचा खेळ म्हणालो तो हाच.

फक्त एक. इझमीरला उतरलेलं सैन्य आणि बेयोलूत, म्हणजे इस्तिकलालच्या भागात, टोप्या विकणारा माणूस यांचा संबंध धर्मापलीकडे काहीच नव्हता. आणि त्या रात्री फुटलेल्या दुकानांपैकी बरीच ग्रीकांची नव्हतीच, आर्मेनियन आणि ज्यूंची होती. त्यांचा सायप्रसशी काय संबंध?

---

अनुस्वार

शब्दाबद्दल: ‘पोग्रोम’ (एका समाजावर जमावाने केलेला एकतर्फी हल्ला) हा रशियन शब्द आहे, इंग्रजीत आणि तुर्कीतही या घटनेला आता तोच लावतात. मराठीत आणायला हरकत नाही, पण वाचणाऱ्याला काही कळणार नाही. ‘हत्याकांड’ म्हणावं तर मृतांचा आकडा त्या मानाने कमी. मुख्य काम मोडतोडीचं होतं. फोटो बघा. रस्त्यावर कापडाचे तागे उलगडून पडलेत, त्यावर शिलाई मशिनं, फ्रीज, पियानो. चोरून न्यायचं असतं तर फ्रीज गच्चीवरून खाली टाकला नसता.

अवांतर: इयान फ्लेमिंग, जेम्स बाँडवाला, त्या रात्री इस्तंबूलमध्येच होता. इंटरपोलची परिषद होती आणि तो लंडनच्या पेपरसाठी वार्तांकन करत होता. जगभरचे पोलीस अधिकारी हॉटेलात बसलेत आणि बाहेर हे. सुचलेलं खरं वाटणार नाही.

---

मिरजकर

आमच्याकडे याला ‘जाळपोळ’ म्हणतात. नुसतं ‘जाळपोळीच्या वर्षी’ म्हटलं की घरात सगळ्यांना कळतं, अठ्ठेचाळीस.

गांधींच्या खुनानंतर सातारा जिल्ह्यात आमच्या आजोबांचं घर गेलं. मारेकरी कोण हे गावात नीट कळायच्या आत ब्राह्मणांची घरं पेटली होती. तुलना करत नाही, प्रमाण वेगळं, काळ वेगळा. पण पायपीट यांचं वाचताना एक आठवलं. घर जळाल्यावर आजोबांनी लगेच गाव सोडलं नाही. शेजारच्या मराठा घराने दीड महिना ठेवून घेतलं, त्यांच्याच परड्यात चूल मांडली होती. गाव सोडलं ते जूनमध्ये, शाळा सुरू होताना, वडिलांना पुण्यात घालायचं म्हणून. कोणी हाकललं नाही. नुसतं तिथे राहण्यात राम उरला नाही.

इस्तंबूलचे लोकही त्याच वर्षी गेले का?

---

कट्टर शंकेखोर

झालं, आला धागा महाराष्ट्रात. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

निळी छत्री

शंकेखोर, माणूस घरातलं सांगतोय. पॉपकॉर्न ठेवा बाजूला.

---

पायपीट

मिरजकर, तुमच्या प्रश्नात सगळं आलं. नाही, त्याच वर्षी सगळे गेले नाहीत. काही हजार गेले. बाकीच्यांनी काचा झाडल्या, शटर बसवलं, उरलेला माल मांडला. सरकारने नुकसानभरपाई म्हणून सहा कोटी लिरा वाटले, झालेल्या नुकसानीपुढे किरकोळ रक्कम. हळूहळू चर्चं पुन्हा उघडली. त्या रात्रीने शहर रिकामं झालं असं सगळीकडे लिहितात. मला ते पटत नाही. त्या रात्रीने फक्त एवढं कळलं की वेळ आली तर कोणी येणार नाही. रिकामं झालं ते नंतर, कागदाने.

१९६४ च्या मार्चमध्ये, सायप्रसमध्ये पुन्हा पेटल्यावर, तुर्कस्तानने ग्रीसबरोबरचा १९३० चा करार मोडीत काढला. या कराराखाली ग्रीक पासपोर्ट असलेले लोक इस्तंबूलमध्ये राहत होते. राहत होते म्हणजे तिथेच जन्मलेले, ग्रीस न पाहिलेले. सुमारे १२,००० जणांना देश सोडायला सांगितलं. नावांच्या याद्या वर्तमानपत्रात यायच्या. पोलीस ठाण्यात बोलावून एका कागदावर सही घ्यायची. मी देशविरोधी कामं केली, आता स्वखुशीने जातोय, अशा अर्थाचा मजकूर. बरोबर २० किलो सामान आणि जेमतेम वीस-बावीस डॉलर. बँकेतलं आणि घरदार गोठवलं.

नवरा ग्रीक नागरिक, बायको-मुलं तुर्की नागरिक, अशी घरं बरीच. बाप गेला की पाठोपाठ घर गेलं. म्हणून १२,००० चे तीस-चाळीस हजार झाले. या वेळी एकही काच फुटली नाही. वार्ताहर नाहीत, फोटो नाहीत. ५५ वर पुस्तकं आहेत, ६४ चं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नाही.

---

कायद्याचा किडा

कागदावरून कागद. १९४२ चा संपत्ती कर राहिला. युद्धकाळात नफेखोरी रोखायला म्हणून आणला, पण बिगरमुस्लिमांना कैक पटींनी आकारला. मुदत पंधरा दिवस. न भरल्यास दुकानाचा लिलाव आणि माणसाची रवानगी पूर्वेकडे अशकालेच्या छावणीत, बर्फ फोडायला. म्हणजे ५५ मध्ये जी दुकानं फुटली, त्यातली बरीच १३ वर्षांत दुसऱ्यांदा उभी केलेली होती.

दुसरं, विश्वस्त संस्थांच्या मिळकती. १९३६ मध्ये अल्पसंख्याकांच्या धार्मिक संस्थांकडून मालमत्तेची यादी घेतली होती. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ती यादी म्हणजेच संस्थेची घटना, म्हणून ३६ नंतर दान मिळालेलं किंवा विकत घेतलेलं सगळं बेकायदा. दवाखाने, शाळा, भाड्याच्या इमारती गेल्या. काही २०११ च्या अध्यादेशानंतर परत मिळाल्या. बुयुकादा बेटावरचा लाकडी अनाथाश्रम युरोपातल्या मानवाधिकार न्यायालयात जाऊन २०१० मध्ये परत मिळवला, तोवर त्याचं छप्पर खचलं होतं. वकिलीच्या दृष्टीने फार देखणं काम आहे, इतकं की वाचताना लाज वाटते.

---

निळी छत्री

शिक्षा कोणाला झाली?

---

पायपीट

ही तर मजाच आहे (मजा म्हणवत नाही खरं तर).

आधी सरकारने जाहीर केलं की हे कम्युनिस्टांचं काम. चाळीसेक डाव्या लोकांना आत टाकलं, त्यात अझीझ नेसिनसारखा विनोदी लेखक. पुढे १९६० मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि पंतप्रधान मेंडेरेस, परराष्ट्रमंत्री झोर्लू वगैरेंवर यासिआदा बेटावर खटले चालवले. त्यात सहा सप्टेंबरचाही एक होता. दोघांना त्यात सहा-सहा वर्षं. फाशी झाली ती वेगळ्या, राज्यघटना मोडल्याच्या आरोपाखाली. त्यामुळे आज मेंडेरेस तिकडे हुतात्मा आहेत, विमानतळाला नाव आहे, आणि या प्रकरणाचा विषय निघाला की लोक त्या खटल्याकडे लष्कराचा सूड म्हणून बोट दाखवतात. तेही अगदी खोटं नाही.

सलोनिकातल्या स्फोटाबद्दल ग्रीकांनी वकिलातीचा एक शिपाई आणि पश्चिम थ्रेसमधला एक तुर्की विद्यार्थी, ओक्ताय एंगिन, यांना पकडलं. एंगिन पुढे तुर्कस्तानात आला, सरकारी नोकरीत चढत गेला आणि १९९० च्या दशकात नेवशेहिर प्रांताचा गव्हर्नर झाला. आपण काही केलं नाही असं तो कायम म्हणत राहिला. (नेवशेहिर म्हणजे कापादोकिया. आपले लोक फुग्यात बसायला जातात ते.)

आणि साब्री यिर्मिबेशोग्लू नावाच्या जनरलने निवृत्तीनंतर एका पत्रकाराला सांगून टाकलं की ते लष्कराच्या विशेष युद्ध विभागाचं काम होतं, उत्तम आखलेलं होतं आणि उद्देश साध्य झाला. नंतर शब्द फिरवले.

---

खडूस आजोबा

फुटबॉलवाला लेफ्तेर राहिला. फेनरबाचे क्लबचा, तुर्कस्तानच्या राष्ट्रीय संघाचा. रूम होता, बुयुकादा बेटावरचा. देशासाठी गोल करणारा माणूस, त्याच्याही घरावर त्या रात्री दगड आले. कोण होते ते त्याने जाहीरपणे कधी सांगितलं नाही. २०१२ मध्ये गेला. आता पुतळा आहे.

---

लाटांवरचा

बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. मी मूळचा गुहागरचा, जहाजावर इंजिनिअर होतो. गेली अकरा वर्षं पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, एका ग्रीक कंपनीच्या कचेरीत, राहायला पालेओ फालिरोला. हा अथेन्सचा समुद्राकडचा भाग, इस्तंबूलहून आलेले बरेच जण इथेच स्थिरावले. माझ्या खालच्या मजल्यावरचे आजोबा त्यातलेच. नाव लिहीत नाही.

त्यांच्या वडिलांचं बेयोलूत बटणं, लेस, दोरे, अस्तर यांचं दुकान होतं. ५५ मध्ये आजोबा नऊ वर्षांचे. त्या रात्री वरच्या मजल्यावरच्या तुर्की बाईंनी दारावर झेंडा लावला आणि खाली उभं राहून सांगितलं की इथे सगळे मुसलमान आहेत. घर वाचलं. सकाळी बापलेक दुकानाकडे गेले, तर पायाखाली खडी टाकल्यासारखा आवाज. बटणं. शिंपल्याची, हाडाची, पितळी, कोटाची मोठी, बाळाच्या झबल्याची छोटी. दुकानातली सगळी कपाटं रस्त्यावर उपडी केली होती. पाऊस येऊन ती गटारात जायच्या आत गोळा करायची म्हणून वडिलांनी त्यांना बसवलं. दोन आठवडे ते शाळेतून आले की गटाराच्या कडेला बसून बटणं वेचायचे आणि रात्री आई ती धुऊन आकाराप्रमाणे वेगळी करायची. जोड्या लागत नव्हत्या. सहाचा संच विकायचा तर चारच सापडायची.

वडिलांचा पासपोर्ट ग्रीक. ६४ मध्ये यादीत नाव आलं. इकडे आले तर लोक यांना ‘तुर्काचं बी’ म्हणायचे, कारण घरात तुर्की बोलायचे आणि कॉफीला तुर्की म्हणायचे. आजोबा आजही पैसे तुर्कीत मोजतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ग्रीकमध्ये मोजले की चुकतात.

---

मिरजकर

लाटांवरचा, आभार. परत कधी गेले का ते?

---

कट्टर शंकेखोर

बटणांचं वाचलं. यापुढे ‘दंगल’ म्हणणार नाही. बाकी मतं कायम. पश्चिम थ्रेसवर कोणी लिहिणार नसेल तर मी लिहितो.

---

पायपीट

शंकेखोर, जरूर लिहा. तिथे अजून लाखभर मुसलमान आहेत. इस्तंबूलमध्ये एके काळी लाखभर रूम होते, आज दोन-तीन हजार. ओलिसांच्या खेळात दोन्हीकडचा निकाल सारखा लागला नाही, तो का, हे तुमच्या धाग्यात आलं तर वाचायला आवडेल.

‘झोग्राफिओन’ नावाची त्यांची एक शाळा इस्तिकलालच्या मागेच आहे, १८९३ ची इमारत. मुलं पन्नासच्या आसपास. शिक्षक मिळतात, मुलं मिळत नाहीत. धर्मगुरू तयार करणारं हेयबेलिआदा बेटावरचं विद्यालय १९७१ पासून बंदच. आणि २००५ मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, त्या रात्रीच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. फाहरी चोकेर नावाचे नौदल अधिकारी या प्रकरणाच्या चौकशीत लष्करी न्यायाधीश होते. त्यांनी कागद आणि फोटो जपून ठेवले आणि आपल्या मृत्यूनंतरच उघडा असं सांगून एका संस्थेला दिले. प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी टोळकं शिरलं, फोटो फाडले, अंडी फेकली. ठिकाण इस्तिकलाल रस्ताच.

---

अनुस्वार

फाटलेले फोटो तसेच ठेवायला हवे होते.

---

लाटांवरचा

मिरजकर, काल विचारलं. एकदाच गेले, बायकोला दाखवायला. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. हे आत गेले, तुर्कीत बोलले. पोराने विचारलं, काका इतकं जुनं तुर्की कुठे शिकलात? म्हणाले, इथेच. पोराला वाटलं चेष्टा करतायत. चहा पाजला त्याने.

बटणांचा डबा त्यांच्याकडे आहे. इकडे येताना वीस किलोंत तो आणला होता, वडिलांनी वजन करून. मला दाखवला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, झाकण गंजलेलं. मागच्या महिन्यात माझ्या कोटाचं बटण तुटलं तर त्यांनी त्यातलं एक काढून दिलं. रंग जमत नाही. लावलंय.

---

उसळपाव

पुढचा धागा फक्त ६४ वर काढा.

---

पायपीट

काढतो. लाटांवरचा, तुमची मदत लागेल. व्यक्तिगत निरोप केलाय.